दारापर्यंतची सोबत

पत्ता विचारला की हात करून दाखवावा आणि आपल्या कामाला लागावं, एवढी साधी गोष्ट आमच्या स्टोअरवाल्या काकांना कधी जमली नाही. कुणी विचारलं, अमुक ठिकाण कुठं आलं हो, की हे म्हणणार, "चला." झालं! कंपनीची वेळ, हातातली पिशवी, काकूंनी सांगितलेली कोथिंबीर, सगळं गेलं उडत, आणि हे निघाले त्या परक्या माणसाबरोबर. अर्ध्यापर्यंत नाही, नाक्यापर्यंत नाही, पार त्याच्या दारापर्यंत. ह्या सवयीवरून मी त्यांना वर्षानुवर्षं छळलं. आणि ह्याच सवयीपायी माझ्या सख्ख्या भावाने भर रस्त्यात त्यांची कॉलर धरली. त्या दिवसापासून काकांनी लोकांबरोबर जाणं सोडलं. ते परत कधी कुणाला "चला" म्हणतील की नाही, ह्याचा मला जेवढा घोर लागला तेवढा स्वतःच्या प्रमोशनचाही कधी लागला नव्हता. पण ते पुढचं. आधी काका.

आनंदनगर एमआयडीसीत आमची कंपनी, पुठ्ठ्याचे खोके बनवणारी. मी परचेसला, काका स्टोअरला. म्हणजे माल मी मागवायचा आणि त्यांनी तो उतरवून घ्यायचा, त्यामुळे दिवसातून पन्नासदा आमचं बोलणं आणि त्यातलं निम्मं भांडण. ठेंगणा बांधा, तेल लावून चापूनचोपून बसवलेले केस, कडक इस्त्रीचा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, आणि खाली शाळेत पीटीच्या तासाला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. मी एकदा म्हटलं, काका, ह्या पँटीवर जरा चामड्याचे बूट घाला की. तर म्हणाले, चामड्याचे दिसतात चांगले, चालत नाहीत. मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती, आजोबांपासून घरात येशूची भक्ती. राहायला अंबरनाथला कानसईत. नाताळात काकू डबा भरून करंज्या, चकल्या पाठवायच्या, आणि मी दरवर्षी म्हणायची की आमची दिवाळी तुमच्याकडे जरा उशिरा पोचते वाटतं. दरवर्षी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

कंपनीतली पोरं त्यांना 'जीपीएस' म्हणायची. पण गंमत अशी की ह्या जीपीएसला रस्ता माहीत असेलच ह्याची काही गॅरंटी नव्हती. बदलापूर स्टेशनबाहेर मी स्वतः बघितलंय, तिथल्या एका पुठ्ठेवाल्याकडे जाऊन आम्ही दोघं कंपनीच्या बसची वाट बघत होतो तेव्हा. एका बाईंनी कुठल्याशा नव्या सोसायटीचं नाव विचारलं. काका म्हणाले, हे नाव मी कधी ऐकलं नाही. आणि त्याच दमात म्हणाले, चला. मी त्यांना बाजूला ओढलं. म्हटलं, अहो, माहीत नाही तर चला कुठं?

"ताई, त्या एकट्याच हरवतील," काका म्हणाले. "त्यापेक्षा दोघं मिळून हरवू."

कप्पाळ माझं! मी आपली कंपनीच्या बसमध्ये बसले. बस सुटली तेव्हा हे त्या बाईंच्या चार पावलं पुढे, खरवईच्या दिशेने चालले होते. पुढे, बरं का. बाईमाणूस बरोबर असलं की हे नेहमी पुढे चालायचे, कधी मागे नाही, शेजारी तर नाहीच. परक्या पुरुषाची पावलं पाठीमागे वाजली की बाईचा जीव धास्तावतो, हे त्यांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक. मला तर फार पुरुष माहीत नाहीत ज्यांना हे कळतं.

साहजिकच, लेट मार्क. स्टोअरचं कुलूप काकांकडे, आणि खाली हँडग्लोव्हज, ग्रीस, ब्लेड घ्यायला माणसं रांग लावून उभी. एचआरचे साहेब दर महिन्याला त्यांना बोलवून झापायचे. एकदा मी कसल्याशा सहीसाठी तिथेच उभी होते. साहेब वैतागून म्हणाले, तुम्हाला त्या माणसाला रस्ता सांगता येत नव्हता का? काका अगदी मनापासून म्हणाले, "सांगता येत होता साहेब. पण तो पोचला की नाही, हे मला दिवसभर कळलं नसतं. मग कामात लक्ष लागलं नसतं." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. पगार कापला गेला, आणि काका थँक्यू म्हणून खाली आले.

आता कुणी म्हणेल, रस्ता चुकणारी माणसं एवढी भेटतात कुठं? तर आमच्याकडे या. उल्हासनगरचा पत्ता म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. आधी कॅम्प, मग सेक्शन, मग बॅरेक नंबर, सगळं फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीपासून चालत आलेलं. बॅरेकवर नंबर नाही, आणि बरेचदा नंबराच्या जागी बॅरेकही नाही, तिथे केव्हाच बिल्डिंग उभी राहिलेली. लोक उल्हासनगर म्हणून उल्हासनगर स्टेशनला उतरतात आणि जायचं असतं कॅम्प चारला, जिथे विठ्ठलवाडीहून यायला पाहिजे होतं. असाच एकदा साताऱ्याकडचा एक मामा, डोक्याला फेटा, काखेत गिफ्टचा कुकर, भाचीच्या लग्नाला म्हणून उतरला आणि स्टेशनबाहेर काकांच्या पुढ्यात उभा राहिला. काकांनी त्याला शेअर रिक्षाने, मग पायी, मग दुसऱ्या शेअर रिक्षाने, असं करत हॉलपर्यंत नेला. मामाला बघून मुलीकडचे लोक रडायचेच बाकी होते. मंगलाष्टकं त्याच्यासाठी थांबवलेली. काकांना हाताला धरून जेवायला ओढत होते, पण हे काही उंबरा ओलांडेनात. दारातूनच हात जोडले आणि परत फिरले.

कारण त्यांचा नियम होता. नियम त्यांनी कधी सांगितला नाही, आम्हीच बघून बघून ओळखला. पहिला म्हणजे विचारल्याशिवाय बोलायचं नाही. काकांच्या मनात येशू सदा जागा असायचा हे कुणालाही कळत होतं. टपरीवरच्या अर्ध्या चहापुढेसुद्धा डोळे मिटून ओठ हलायचे. पण स्वतःहून धर्माचा विषय? कधीच नाही. बरोबर चालणारा माणूस मात्र हमखास विचारायचाच. तुम्हाला पण तिकडेच जायचंय का? नाही. मग का येताय? एवढं त्याने विचारलं की काका सांगायचे, की मी एका माणसाच्या मागे चालतो आणि तो हरवलेल्यांना शोधत फिरतो, मग मला हात करून मोकळं कसं होता येईल. कोण तो माणूस, असं पुढचा प्रश्न आला तर पुढचं सांगायचे. नाही आला तर ट्रॅफिक, पाऊसपाणी, कॉर्पोरेशनचे खड्डे. त्यालाही त्यांच्याकडे भरपूर मसाला होता.

आणि दुसरा नियम म्हणजे दारापाशी थांबायचं. जेवढा रस्ता उरला असेल तेवढंच बोलायचं. दार आलं की तोंडातलं वाक्य अर्धं असलं तरी अर्धंच सोडायचं, म्हणायचं, "आलं तुमचं ठिकाण," आणि वळायचं. नाव विचारायचं नाही, नंबर घ्यायचा नाही, पुढच्या रविवारी आमच्या उपासनेला या म्हणायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे काय हो, गोष्ट तरी पुरी करावी माणसाने, असं मी म्हटलं तर म्हणाले, दारापलीकडे गेलं की ती सोबत राहत नाही, शिरकाव होतो.

ह्या अर्ध्या गोष्टींचा एकदा असा घोळ झाला की विचारू नका. एक दिवस गेटवरच्या वॉचमनचा मला फोन. एक सिंधी शेठ आलेत, काय काम आहे ते सांगत नाहीत. वेंडर असेल म्हणून मी गेले. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये ह्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान, पांढरी सफारी, घामाघूम. मी म्हटलं, कोटेशन ईमेलवर पाठवा. तर म्हणाले, "मॅडम, मेरे को कुछ बेचने का नहीं है. वो लडके का आगे क्या हुआ, बस इतना पूछना है."

कुठला लडका? कसला लडका? हळूहळू उलगडा झाला. काही आठवड्यांपूर्वी हे शेठ एमआयडीसीत कुणाचा तरी प्लॉट शोधत होते आणि गळ्यात आमच्या कंपनीचं कार्ड घातलेले काका त्यांना भेटले. प्लॉटचे नंबर आमच्याकडे एका ओळीत लागतील तर शपथ, त्यामुळे दोघं बरंच फिरले. शेठनी विचारलं, चाचा, आप क्यों आ रहे हो? आणि काकांनी आपल्या नगरी हिंदीत गोष्ट सुरू केली. एका बापाला दोन पोरं. धाकट्याने बाप जिवंत असताना आपला वाटा मागून घेतला, परमुलखात जाऊन उधळला, शेवटी डुकरं राखायची पाळी आली. आता परत जावं तर कुठल्या तोंडाने? तरी निघाला. इकडे बाप रोज रस्त्याकडे डोळे लावून बसलेला. आणि एक दिवस दूरवर त्याला कुणीतरी येताना दिसलं... एवढ्यात प्लॉटचं गेट आलं. काका म्हणाले, आ गया आपका प्लॉट. आणि चालू पडले.

शेठ बिचारे तेव्हापासून अडकून पडलेले. त्यांचा स्वतःचा पोरगा भांडून इंदोरला निघून गेला होता, फोन उचलत नव्हता, हे त्यांनी मला, एका अनोळखी बाईला, गेटवर उभं राहून सांगितलं. मी काकांना बोलावलं. काका स्टोअरमधून हात पुसत आले, शेठना घेऊन रस्त्याच्या कडेकडेने पार कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. वॉचमन मागे मागे गेला होता, त्याला राहवलं नाही. त्याने मला येऊन सांगितलं की बाप थांबलाच नाही म्हणे, लोक काय म्हणतील ते न बघता म्हातारा रस्त्यातून धावत सुटला आणि पोराला मिठी मारली. शेठनी रुमाल काढून नाक शिंकरलं आणि रिक्षात बसले. ते काही ख्रिस्ती वगैरे झाले नाहीत. झुलेलालचा फोटो त्यांच्या दुकानात अजून आहे, मी पडदे घ्यायला गेले तेव्हा बघितला. पण त्या वर्षी स्टोअरमध्ये सिंधी पापडांचं एवढं मोठं पुडकं आलं, आणि काकांनी ते अख्ख्या कंपनीला वाटून टाकलं.

मला मात्र त्यांनी ह्यातलं कधी काही ऐकवलं नाही. एकदा मी मुद्दाम चिडवलं, की काय हो काका, सगळ्या उल्हासनगरला सांगता, आमच्यासारख्यांना वाळीत टाकलंय का? तर शांतपणे म्हणाले, ताई, तुम्ही कधी रस्ता विचारलाच नाही. चिडवायला गेले आणि दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

आता माझ्या बाबांचं सांगते. आम्ही खरवईला राहतो, मी, बाबा, धाकटा भाऊ आणि वहिनी. भावाचं कॅम्प दोनमध्ये मोबाइल कव्हरचं दुकान आहे. बाबांची उमेदीची सगळी वर्षं गेली कॅम्प चारमधल्या भाड्याच्या बॅरेकीत, खरवईचा फ्लॅट फार नंतरचा. आई गेल्यावर बाबांचं हळूहळू विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नातेवाईक, मग आई गेलेली आहे हेच. संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे राहायचे. घरी जायचंय, म्हणायचे. बाबा, हेच घर आहे. ते आमच्याकडे असं बघायचे, जणू यजमानांनी फार आग्रह चालवलाय पण आता निघायला हवं.

एका रविवारी वहिनी गच्चीवर कपडे काढायला गेली, मी बाथरूममध्ये, आणि दार उघडं राहिलं. बाबा गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, भांग पाडलेला. कुणाला वाटेल हा माणूस हरवलाय? आम्ही खरवई, बदलापूर, स्टेशन, नदीकाठ, सगळं पालथं घातलं. भाऊ बाईकवर वेड्यासारखा फिरत होता. सूर्य कलायला लागला तेव्हा त्याच्या दुकानदारांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला; मी तो नंतर बघितला. कॅम्प चारमधल्या एका ओट्यावर आमचे बाबा बसलेले, आणि शेजारी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतला एक माणूस त्यांचा हात हातात घेऊन, डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करतोय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की बघा, म्हाताऱ्या माणसांना कसे जाळ्यात ओढतात.

भाऊ दोघा मित्रांना घेऊन बाईकवरून सुसाट गेला. मी मागून रिक्षाने. मी पोचले तोवर भावाने काकांची कॉलर धरलेली होती, भोवती ही गर्दी, आणि एक हवालदार सगळ्यांना मागे ढकलत होता. बाबा ओट्यावर कावरेबावरे. मी धावले ती थेट बाबांकडे. लोक बघत होते, चप्पल सुटली, काही सुचलं नाही. त्यांना मिठी मारली तेव्हा कुठे श्वास आला. आणि मग वळून बघते तर काय, आमचे काका!

चौकीत सगळं समजलं. काका उपासना आटोपून बदलापूरला कुणा आजाऱ्याला भेटायला आले होते. स्टेशनबाहेर बाबांनी त्यांना विचारलं, कॅम्प चारला कसं जायचं? काका म्हणाले, चला. त्यांनी माझ्या बाबांना कधी बघितलेलं नव्हतं. रिक्षात बाबा जुन्या दिवसांचं इतकं छान बोलत होते की शंका घ्यायला जागाच नव्हती. काकांनी त्यांना बरोबर त्यांच्या घरी नेलं, फक्त ते घर आता नव्हतं. तिथे जीन्स शिवायचा कारखाना. बाबांनी आत जाऊन मशिनवरच्या माणसांना आईबद्दल विचारलं, आणि ती माणसं हसली. तेव्हा काकांच्या लक्षात आलं. त्यांनी एका दुकानदाराला चौकीत फोन करायला सांगितलं आणि बाबांना घेऊन ओट्यावर बसले.

हवालदाराने काकांना विचारलं, ठीक आहे, पण प्रार्थना कशाला करत होता?

"त्यांनी विचारलं होतं," काका म्हणाले. "मला म्हणाले, आता कुठं जायचं? मी म्हटलं, मलाही माहीत नाही. मग म्हणाले, रस्ता माहीत नसला की तुम्ही काय करता? मी म्हटलं, प्रार्थना करतो. ते म्हणाले, मग करा."

भाऊ म्हणाला, काय पण स्टोरी बनवतोय. हवालदार बाबांकडे वळला. बाबांना त्या गडबडीत आमची नावं आठवत नव्हती, पण त्यांनी काकांकडे बोट दाखवलं आणि स्वच्छ सांगितलं, "मी रस्ता विचारला. हे सोबत आले." हवालदाराने आम्हाला सगळ्यांना घरी जायला सांगितलं. काकांच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटली होती. त्यांनी मला नमस्कार केला, बाबांना केला, भावालाही केला, आणि कॉलर हाताने धरून निघून गेले. मला एवढी लाज वाटली की मी भावाशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

काकांनी कंपनीत एक अक्षर काढलं नाही. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, त्यांचा बाप हरवला होता ताई, कॉलरच धरली, एवढंच. व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरला होता. एचआरच्या साहेबांनी त्यांना बोलावून प्रेमाने सांगितलं, की दिवस बरे नाहीत, जरा जपून. आणि काका जपायला लागले. वेळेवर येऊ लागले. साहेब खूश, रांगेतली माणसं खूश. चहापुढे ओठ हलेनात. एक दिवस त्याच पुठ्ठेवाल्याकडून परतताना बदलापूरला बसची वाट बघत होतो, तर एक म्हातारी बाई हातात रिपोर्टची पिशवी घेऊन त्यांच्यापाशी आली आणि दवाखाना विचारू लागली. काकांनी हात केला. "सरळ जा, मग डावीकडे." ती गेली. चालता चालता तीनदा थांबून मागे बघत होती. काका बुटांकडे बघत उभे राहिले. मला खरंच रडू फुटायचं बाकी होतं. जन्मभर मी ज्या गोष्टीवरून ह्या माणसाला बोलले, तीच गेल्यावर कंपनीतलं काहीतरी संपल्यासारखं झालं.

घरी बाबांनी वेगळाच नाद घेतला. संध्याकाळी चपला घालून दारात उभे राहायचे, पण आता म्हणायचे, ते सोबत येणारे गृहस्थ आले का? आले की निघतो. रोज. भाऊ दुकानातून येऊन त्यांची समजूत काढायचा, मी फिरवून आणतो, आपण दोघं जाऊ. नाही. तुम्हाला रस्ता माहीत नाही, म्हणायचे. मी भावाला सांगितलं, काकांना बोलव. तो म्हणाला, ताई, मला सांगू नको, आपल्या घरात नको तो माणूस. आणि मग एका संध्याकाळी बाबांनी दाराची कडी उघडत नाही म्हणून दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. कपाळातून रक्त आलं. भावाने त्यांना धरलं, खाली बसवलं, हळद लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कानसईत कुठं राहतो तो?"

कानसईत. एवढंच मला माहीत होतं. काकांचा फोन लागेना. भाऊ तसाच गेला. त्याने नंतर सांगितलं, की अंबरनाथला त्याने अर्धा तास लोकांना विचारलं. सगळ्यांनी हात करून दाखवला, सरळ जा, उजवीकडे जा, पुढे विचारा. कुणी बरोबर आलं नाही. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी समोरून भाजीची पिशवी घेऊन काकाच येताना दिसले. काकांनी त्याला ओळखलं. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"काका, रस्ता चुकलोय," भाऊ म्हणाला. "येता का बरोबर?"

ते आले. आमच्या बिल्डिंगखाली आले पण वर आले नाहीत, उंबरा ओलांडायचा नाही ना. मी बाबांना खाली नेलं. काकांना बघून बाबांचा चेहरा असा उजळला की मला हेवाच वाटला, खोटं का बोला. निघायचं ना, म्हणाले. काका म्हणाले, "चला."

मग चौघं चाललो. काका आणि बाबा मध्ये, एका बाजूला भाऊ, मी दोन पावलं मागे. खरवईचा आतला रस्ता, नव्या बिल्डिंगी, त्यांच्यामध्ये उरलेलं एखादं भाताचं शेत, तबेल्याचा वास. बाबा खुशीत कॅम्प चारच्या पाण्याच्या टँकरबद्दल सांगत होते. काका हो हो करत होते. येशूबद्दल एक शब्द नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं, आता काही झालं तरी हा माणूस बोलायचा नाही. मंदिराला वळसा घालून आम्ही परत फिरलो. बिल्डिंग दिसायला लागली. आणि भाऊ, ज्याने ह्या माणसाचं तोंड बंद केलं होतं, तो खाली बघत म्हणाला, "काका, त्या दिवशी प्रार्थनेत काय म्हणत होता तुम्ही? व्हिडिओत नीट ऐकू आलं नाही."

काका चालता चालता थबकले. त्याच्याकडे नीट बघितलं, हा खरंच विचारतोय की कसं. मग चालू लागले.

"म्हटलं, प्रभू, ह्यांचं घर मला माहीत नाही. तुला माहीत आहे. तू आम्हाला शोधलंस तर बरं होईल, कारण आम्ही दोघंही..."

आमच्या बिल्डिंगचं गेट आलं. काका थांबले. वाक्य तसंच सोडलं, सवयीने हात जोडायला लागले. बाबांनी गेटकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि चेहऱ्यावर परत ती परक्या घरातल्या पाहुण्याची उदासी आली. भावाने पुढे होऊन बाबांचा हात धरला.

"अजून घर आलं नाही, काका," तो म्हणाला. "चला."

बाबांनी मान डोलावली. "पुढे आहे," ते म्हणाले.

आणि आम्ही गेटावरून पुढे गेलो.